सर्वसंमत बाक

लोकशाहीत शेवटचा शब्द जनतेचा असतो, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो. (तोवर माईक बंद झालेला असतो, ही निव्वळ तांत्रिक बाब.) आमच्या वस्तीत तर अलीकडे जनतेला विचारल्याशिवाय खड्डासुद्धा पडत नाही.

उदाहरण घरातलंच देतो. आमच्या थोरल्या वहिनी चढाच्या पायथ्याशी, म्हणजे आमच्याकडे राहतात. त्यांची धाकटी बहीण चढाच्या माथ्यावर, मुलाकडे. दोघींचे गुडघे एकाच वर्षी संपावर गेले. रिक्षावाले इतक्या जवळचं भाडं घेत नाहीत. फोनवर दोघी एकाच वेळी बोलतात आणि दोघींनाही ऐकू कमी येतं, त्यामुळे फोन ठेवल्यावर प्रत्येकीला फक्त स्वतःचीच खुशाली कळलेली असते. म्हणून वहिनींनी पालिकेकडे मागणी केली, की चढाच्या मध्यावर, विजेच्या खांबाशी, एक बाक टाका. त्या खालून निम्मं चढतील, धाकटी वरून निम्मं उतरेल. मागणी इतकी सरळ होती, की पालिकेला रास्त संशय आला.

पूर्वीच्या मागासलेल्या काळात अशी मागणी एकटा कारकून फेटाळत असे. एका माणसावर केवढा तो भार! आता पालिकेत लोकसहभाग अधिकारी आले आहेत. (तरुण, हसतमुख आणि कशालाही नाही म्हणायला बंदी असलेले.) आता मागणी फेटाळली जात नाही, तिची सुनावणी होते.

पहिल्या सुनावणीत बाकाच्या विरोधात एकही माणूस उठला नाही, हे मी अभिमानाने नोंदवतो. सगळ्यांचा पाठिंबाच होता. प्रत्येकाची आपली एक बारीकशी सूचना, इतकंच. औषधवाल्यांच्या मते बाक हवाच, पण धूळ पाहता दोन उंच पायऱ्यांच्या चौथऱ्यावर हवा. व्यायामशाळेचे मास्तर म्हणाले, टेकून बसल्याने कणा बिघडतो, सबब पाठ नको. खांबासमोरचे बंगलेवाले तर बाकाचं महत्त्व सांगताना थांबेनात. बाकावर कोणी बसून राहू नये एवढंच त्यांचं म्हणणं होतं, म्हणून बैठक पुढे जराशी उतरती ठेवावी. निवृत्त हेडमास्तरांनी सगळ्यांवर कडी केली. दोन माणसं शेजारी बसली की गप्पा सुरू होतात हे त्यांनी आयुष्यभर वर्गात पाहिलं होतं. त्यांनी मधोमध लोखंडी पत्रा सुचवला.

अधिकारी प्रत्येक सूचनेला "स्वागतार्ह" म्हणत होते. मीही टाळ्या वाजवल्या. मधेच थांबलं तर वाईट दिसतं.

आकडेवारीही बोलकी आहे. सभागृहात आम्ही जेमतेम चौदा डोकी, पण सहभाग निघाला अठ्ठ्याण्णव टक्के. जे येत नाहीत ते समाधानी असतात आणि समाधान हाही सहभागच, असा खुलासा झाला. (उरलेले दोन टक्के म्हणजे प्रत्यक्ष आलेले. त्यांच्याकडे सूचना असल्याने त्यांना समाधानी धरता येईना.)

या सगळ्यात एक गोष्ट मात्र कोणाच्या लक्षात आली नाही. नियमाप्रमाणे ज्येष्ठ नागरिकांना सुनावणीला न्यायला-आणायला पालिकेची गाडी येते. ती पायथ्याशी थांबली, मग माथ्यावर थांबली आणि दीड वर्षाने दोघी बहिणी शेजारी-शेजारी बसल्या. वर पंखा, हातात चहा, पहिली रांग. कोणाची सून कशी, कोणाचे दात कोणी काढले, सगळं झालं. एकमेकींच्या बोलण्याला त्या माना डोलावत होत्या आणि अधिकारी ते चौथऱ्याला अनुमोदन म्हणून लिहून घेत होते.

तिसऱ्या सुनावणीत अधिकाऱ्यांनी पडद्यावर बाकाचं चित्र दाखवलं. उंच चौथरा, पाठ नाही, बैठक घसरती, मधे पत्रा. याला सर्वसंमत बाक म्हणतात. कोणाची हरकत नसेल तर आज विषय मिटवू, असं ते म्हणाले.

धाकटी बहीण वहिनींच्या कानाशी कुजबुजली. कमी ऐकणाऱ्यांची कुजबुज असल्याने ती सभागृहभर पोचली. "ताई, विषय मिटला की गाडी बंद ना गं?"

वहिनी खुर्चीचा हात धरून उठल्या.

"साहेब, माझी हरकत आहे."

"आजी, बाक तर तुम्हीच मागितलात."

"मग हरकत घ्यायला माझ्याइतकं हक्काचं आणखी कोण असणार? रंग कुठला देणार ते ठरलंय का?"

ठरलं नव्हतं. अधिकाऱ्यांचा स्वतःचाच रंग उडाला. रंगासाठी पुढची सुनावणी लागली.

तेव्हापासून आमच्या वस्तीतला लोकसहभाग बघण्यासारखा झाला आहे. रंगानंतर उन्हाची दिशा झाली, मग बाकाखाली मांजर व्याली तर जबाबदारी कोणाची, हे झालं. गाडी यायच्या आदल्या दिवशी वहिनी मला विचारतात, "भावोजी, या वेळी काय काढू?" परगावच्या पालिका अभ्यासदौऱ्यावर येतात आणि पहिल्या रांगेत खिदळणाऱ्या दोन म्हाताऱ्यांचा फोटो काढून नेतात. खाली छापतात, 'निर्णयप्रक्रियेत तल्लीन नागरिक'.

पण बाकीचे थकले. मागच्या खेपेला आम्ही तिघंच होतो. आता नवा नियम आला आहे: पाचांपेक्षा कमी माणसं आली तर विषय मिटला असं समजायचं. मग तो बाक चित्राबरहुकूम उभा राहील आणि गाडी बंद होईल. परतताना धाकटी माथ्यावर उतरली, पण वहिनींचा हात काही सोडेना. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला नाही. (याची नोंद कुठेही नाही.)

तुम्ही म्हणाल, यात आमचा काय संबंध? संबंध आहे. त्या अठ्ठ्याण्णव टक्क्यांत तुम्हीच आहात. तुमच्या समाधानाच्या बळावरच बाकाचं काम इतकं पुढे गेलं. तेव्हा येत्या गुरुवारी ते समाधान घरी ठेवून या. हरकत कसलीही चालेल, स्क्रूंचा विषय अजून कोणी काढलेला नाही.

फक्त येताना खुर्ची घरून आणा. सभागृहातल्या खुर्च्या पलीकडच्या वस्तीच्या बाकाच्या सुनावणीला गेल्या आहेत. दोनच उरल्यात आणि त्या धरलेल्या आहेत.