एकीला 'अ अधिक'

एकी नुसती असून भागत नाही, ती सिद्ध व्हावी लागते. म्हणूनच भूदल, नौदल आणि हवाई दलाच्या अधिकाऱ्यांना एकत्र शिकवणाऱ्या पोलादपूरच्या केंद्राला संयुक्ततेचे मानांकन द्यायला समिती आली. तीन दलांचे तीन सदस्य, तीन गाड्यांतून. (केंद्राकडे जाणारा कुडपणकडचा रस्ता अरुंद, तेव्हा पुढची गाडी कोणाची, यावर महाडलाच दोन चहा झाले.)

केंद्राची खानावळ चालवणारे निवृत्त सुभेदार कुशाबा हात जोडून उभे होते. मानांकन हुकले तर केंद्र हलणार, आणि कुशाबांना मुंबईत मुलाच्या खोलीत खिडकीशी बसून दिवस काढावे लागणार.

समितीने कसून तपासले. अधिकारी एका पंगतीत जेवत होते, एकमेकांच्या ताटातले बोंबील पळवत होते, गाडी रुतली की सगळेच चिखलात उतरत होते. समिती गंभीर झाली. संयुक्त म्हणजे वेगळ्यांनी एकत्र येणे. इथे वेगळे कोणीच आढळले नाही. सबब संयुक्तता मोजता येत नाही. सुधारणेसाठी महिन्याची मुदत मिळाली.

कुशाबा डोक्याला हात लावून बसले. बायको रखमा भाकरी थापत होती.

"अवो, तुमी तिघं भाऊ वायलं झालात, तवाच लोकांना समजलं ना, आदी एकत्र होतात? यांच्याबी चुली वायल्या करा. हाय काय नि नाय काय!"

कुशाबांनी तीन चुली मांडल्या, तीन दारे पाडली. सुरुवातीला अधिकारी चोरून एकमेकांकडे जेवायला जात. मग हवाई दलाने नौदलाच्या आमटीला नावे ठेवली, आणि पुढे चिमूटभर मिठासाठीही योग्य मार्गाने अर्ज येऊ लागले. (प्रगती समाधानकारक होती.) कुशाबांना मात्र घास गोड लागेना.

समिती पुन्हा आली. तिन्ही दारांतून अधिकाऱ्यांना बोलावून अंगणात फोटोपुरते खांद्याला खांदा लावून उभे केले. सदस्यांचे डोळे पाणावले. सर्वोच्च श्रेणी मिळाली, 'अ अधिक'. केंद्र राहिले, कुशाबाही राहिले. पंगत तेवढी गेली.

समितीला तुम्ही खुशाल हसा. गणपतीत सगळ्या भावांना आरतीपुरते ओळीत उभे करून तुम्ही ग्रुपवर जो फोटो टाकता, त्याला आम्हीही दरवर्षी 'अ अधिक'च देतो.