कसलीही तोशीस

पटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, जोडीसाठी कागद करावा लागतो, हे सानगडीत तोवर कोणी ऐकले नव्हते. जोडीला बैल मागायचा तर मालकाच्या ओट्यावर बसून चहा घ्यायचा, बैलाच्या पाठीवरून हात फिरवायचा आणि दावे सोडून न्यायचे, एवढाच तो व्यवहार. परंतु एकोणऐंशी सालच्या त्या हिवाळ्यात गोदावरीबाईंनी यादोराव अर्जनविसांना साकोलीच्या तहसिलीपुढून, शाई-टाकासकट, उचलून आणवले आणि आपल्या ओसरीवर बसवले.

"बैलाले कायले कागद?" त्यांचे यजमान लक्ष्मणराव यांनी सुपारी कातरता कातरता विचारले.

"बैलाले नाई. इहीनबाईले."

लक्ष्मणरावांनी पुढे काही विचारले नाही. संसारातील आपल्या वाट्याचा प्रश्न त्यांनी विचारून टाकला होता.

हकीकत अशी होती की, गोदावरीबाईंच्या सरदार नावाच्या बैलाला सानगडीत तोडीचा जोडीदार उरला नव्हता. तसा बैल एकच, पाखऱ्या. आणि तो होता तलावापलीकडच्या गावी, आनंदाबाईंच्या गोठ्यात. आनंदाबाई म्हणजे गोदावरीबाईंच्या एकुलत्या एका मुलीच्या, निर्मलाच्या, सासूबाई. निर्मला पहिलटकरीण होती. आनंदाबाईंच्या गावी पट भरायचा, त्या संध्याकाळी घरच्या रिवाजाप्रमाणे तिला हिरवा चुडा भरायचा आणि दुसऱ्या सकाळी तिने बाळंतपणासाठी माहेरी सानगडीला यायचे, असे ठरलेले होते. चुडा भरल्यावाचून त्या घरची सून माहेरी जात नसे.

गोदावरीबाईंचा हिशेब सरळ होता. बैल ते बैल. पटावर काही आगळीक करणारच. आगळीक झाली की विहिणी-विहिणींत शब्द होणार, आणि शब्द झाले की मुलगी सासरीच अडकणार. तेव्हा शब्दाला जागाच ठेवायची नाही. जे काय ते आधी लिहून घ्यायचे, आणि आपल्या सोयीने लिहून घ्यायचे.

यादोरावांनी टाक बुडवला. बाईंनी मजकूर सांगितला, यादोरावांनी त्याला कचेरीचे कपडे घातले. सरदार-पाखऱ्या या जोडीपायी कोणाचे नुकसान झाले आणि तो मनुष्य गोदावरीबाईंच्या दारी आला, तर त्याचे समाधान आनंदाबाईंनी स्वतःच्या पदराने करावे, गोदावरीबाईंस तोशीस लागू देऊ नये, असे ते कलम होते.

"कसली तोशीस, ते लिहू का?" यादोरावांनी विचारले. "म्हणजे पटावरची, बैलापायी झालेली, असं. आखून घेतलेलं बरं असते."

"कसलीही लिवा. मी काय मापून बोलनारी बाई आहो?"

सहीसाठी बोलावलेल्या आनंदाबाई पाटावर बसून शांतपणे ऐकत होत्या. अंगाने किरकोळ, आवाजाने त्याहून किरकोळ. त्यांनी कलम दोनदा वाचून घेतले आणि म्हणाल्या, "बरोबर आहे इहीनबाई. आता हेच उलटं करूनबी लिवा. मानूस माह्या दारी आला, त समाधान तुमी कराचं. मलेबी कसलीही तोशीस नोको."

याला नाही कसे म्हणावे, हे गोदावरीबाईंना सुचेना. आपल्याला लागते ते दुसऱ्यालाही लागते, ही गोष्ट त्यांच्या फारशा अनुभवातली नव्हती. यादोराव मात्र खूश झाले. कागद दोन्ही बाजूंनी सारखा झाला की त्यांना तो देखणा वाटत असे.

"आणि मुदत? पट सरेपर्यंत लिहू?"

"गोदावरीच्या शब्दाले मुदत नसते."

"माह्याबी," आनंदाबाई पुटपुटल्या.

मुदतीची जागा तशीच कोरी राहिली. दोघींनी सह्या केल्या. गोदावरीबाईंनी कागद कुंकवाच्या डबीखाली ठेवला आणि त्या दिवसापुरती जगातली सगळी भांडणे मिटली, अशा मुद्रेने चहा टाकला.

पटाचा दिवस उजाडला. दाणीच्या, म्हणजे धावपट्टीच्या, दोन्ही अंगांना माणसांची भिंत उभी राहिली. मागे भज्यांच्या कढया, पेढ्यांची दुकाने, आणि बायकांच्या गर्दीत केशरबाई कासारणीची बांगड्यांची पथारी. केशरबाई सानगडीचीच. छकड्यावर जोडी हाकणारा धुरकरी डोमा उभा राहिला. झेंडी पडली आणि सरदार-पाखऱ्या अशी सुटली, की शेजारच्या दाणीतली जोडी अजून निघायचीच आहे असे वाटावे.

जोडी जिंकली. अडचण एवढीच झाली की, जिंकल्यावर थांबायचे असते हे त्या दोघांना कोणी सांगितले नव्हते. दाण संपली तरी ते संपेनात. डोमाने कासरा ओढला, तेव्हा जोडी थांबण्याऐवजी वळली आणि बाजारात शिरली. भजेवाल्याने कढई उचलून वाट दिली, पेढेवाला पेढ्यांसह बाजूला झाला. केशरबाईला मात्र एकच गोष्ट उचलता आली, ती म्हणजे स्वतः. ती उडी मारून बांधावर गेली, पाय मुरगळून बसली, आणि तिच्या देखत तिची सारी पथारी चार चार खुरांनी दोनदा तुडवली गेली. एकदा जाताना आणि एकदा, काही राहिले तर नाही ना हे पाहायला, परतताना.

बांगड्यांचा चुरा गोळा करीत केशरबाई गोदावरीबाईंपुढे उभी राहिली. गावची बाई म्हणून ती आधी त्यांच्याकडेच आली होती.

"माय, तुमच्या सरदारानं माह्या साऱ्या मालाचा पार चुरा केला."

"सरदारानं?" गोदावरीबाईंचा आवाज दाणीच्या पलीकडे ऐकू गेला. "सरदार उजव्या अंगाले होता. वळला तो पाखऱ्या. जे मांगाचं ते त्याच्या मालकिनीच्या दारात जाऊन माग. ते पाह्य, समोरच घर आहे. डोमा, हिले हात दे अन् पोचवून ये."

केशरबाई लंगडत गेली. गोदावरीबाईंनी पदर सावरला. आपण प्रकरण किती चटकन निकालात काढले, हे पाहायला यादोराव जवळच उभे होते, याचे त्यांना समाधान वाटले. यादोरावांच्या चेहऱ्यावर मात्र ते दिसेना.

"बाई, तुम्ही तिला आनंदाबाईंच्या दारी धाडली?"

"धाडली. त्यायचा बैल, त्यायनं पाहावं."

"कागदात बैल कोणाचा ते नाही. कागदात दार आहे." यादोरावांनी घसा साफ केला. "माणूस त्यांच्या दारी गेला की समाधान तुमचं. तुमच्या दारी आला असता, तर समाधान त्यांचं. ती तर तुमच्यापुढे उभीच होती. नुसतं 'ये बाई, बस' म्हटलं असतं, तरी काम झालं असतं."

गोदावरीबाई तडक आनंदाबाईंच्या घराकडे चालू लागल्या. यादोराव मागून सांगत होते की, झपझप गेले तर अजूनही केशरबाईला गाठता येईल. पण डोमा हा आयुष्यात प्रथमच सांगितलेले काम तत्परतेने करून मोकळा झाला होता.

आनंदाबाईंच्या अंगणात केशरबाई बाजेवर बसली होती. तिच्या पायाला हळदीचा लेप लागला होता, हातात चहाची कपबशी होती आणि पुढ्यात चिवडा. आनंदाबाई तिला वारा घालीत होत्या. अर्धा पट तिथेच लोटला होता. गोदावरीबाईंना सारे कळले. त्या किरकोळ बाईने कागद दोनदा उगीच वाचून घेतला नव्हता.

तरीही त्यांनी प्रयत्न सोडला नाही.

"केशर, चाल आपल्या घरी. मी पाह्यलं नाई नीट. चूक सरदाराचीच आहे."

"असं कसं, इहीनबाई," आनंदाबाई गोड आवाजात म्हणाल्या. "पाखऱ्याच तो. आधीपासून आडमुठा. मी त म्हनतो, सारा दोष माह्या पाखऱ्याचा."

"पाखऱ्याले एवढी अक्कल कुठून आली? वळाले अक्कल लागते. सरदार लहानपनापासून वांड. यानं पोयाच्या दिवशी पाटलाचं तोरन खाल्लं होतं."

"पाखऱ्यानं पाटलाले पाडलं होतं."

सकाळपर्यंत ज्या बैलांच्या गुणांवर दोन्ही घरे जगाशी भांडली असती, त्यांचे अवगुण आता भर अंगणात एकावर एक रचले जाऊ लागले. जमलेल्या लोकांना आधी वाटले, विहिणींत समजूतदारपणाची स्पर्धा लागली आहे. एका म्हाताऱ्याने तर डोळे पुसले. केशरबाई चिवडा खात दोन्हीकडे मान वळवीत होती. आयुष्यात प्रथमच दोन मोठी घरे तिची नुकसानी आपल्या अंगावर घ्यायला भांडत होती, आणि कोणीही घेतली तरी आपली हरकत नाही, असे ती अधूनमधून सांगत होती.

"अन् समजा, बैल कोनाचाबी असो," आनंदाबाई म्हणाल्या, "बाई बसली कोनाच्या दारात? सारा गाव पाहून राहिला. कागद काय म्हनते, यादोराव?"

यादोरावांनी गोदावरीबाईंकडे न पाहता कागद काय म्हणतो ते सांगितले.

इतक्यात निर्मला दारात आली. जड अंगाने चौकटीला टेकून उभी राहिली आणि तिने बांगड्यांच्या चुऱ्याकडे पाहिले. चुरा बहुतेक हिरवा होता. केशरबाईने चहा खाली ठेवला आणि हळूच सांगितले की, संध्याकाळी भरायचा चुडा याच पथारीत होता. दुसरा हिरवा माल आहे, पण तो सानगडीला घरी, आणि या पायाने आपल्याच्याने काही तो आणणे होत नाही.

"मंग काय घाई आहे?" आनंदाबाई म्हणाल्या. "तुहा पाय बरा होऊ दे. चुडा भरल्याबिगर आमच्या घरची सून निंगत नाई. होळीनंतर पाहू."

होळीनंतर निर्मलाच्या मांडीवर मूल असणार होते, हे अंगणातल्या प्रत्येक बाईला बोटांवर मोजता येत होते. निर्मलाने आईकडे पाहिले. तिच्या डोळ्यांत पाणी होते आणि ते तिने सासूला दिसणार नाही अशा बाजूने ठेवले होते.

एरवी गोदावरीबाई गरजल्या असत्या, आणि गरजल्या असत्या तर मुलगी तिथेच राहिली असती. शब्द होऊ नयेत म्हणून कागद केला होता; आता त्या कागदापायीच शब्द तोंडाशी आले होते. त्यांनी ते गिळले, बाजेच्या टोकाशी बसल्या आणि पाण्याचा तांब्या मागितला.

"इहीनबाई, केशर तुमच्या दारात आली, हे पक्कं?"

"पक्कं."

"म्हनजे तिचं समाधान माह्या पदरानं?"

"कागदच सांगते."

"मले कबूल आहे." गोदावरीबाईंनी दुसऱ्याच्या अंगणात काही कबूल केल्याचे कोणाला आठवत नव्हते. "केशरची पथारी मी भरून देईन. अन् तिनं ज्याचा सौदा घेतला होता, तो चुडाबी मीच पुरा करीन. तुमाले कसलीही तोशीस लागू द्याची नाई, असंच लिवलं आहे न, यादोराव?"

"तसंच आहे."

"केशर, माल कुठं आहे?"

"सानगडीले, माय."

"मनगट समोर नसताना चुडा भरतेस तू?"

"पहिलटकरनीचं मनगट, माय. आज सूज असते, उद्या उतरते. पाह्यल्याबिगर नाई भरत."

"मंग झालं. माल सानगडीले, भरून देनारी सानगडीची, तुहा पाय मोडका. मनगटच मालाकडे नेलं पायजे. निर्मला, लुगडं बदल. दमणी आनाले सांगून राहिली मी."

चुडा भरून देण्याची जोखीम गोदावरीबाईंची आहे, हे आनंदाबाईंनीच चारचौघांत पक्के करून दिले होते. चुडा भरल्याशिवाय सून जात नाही, हे खरे. पण ही सून माहेरी जात नव्हती, चुडा भरायला जात होती. भरून झाल्यावर ती जिथे असेल तिथे राहील, हे ओघाने आलेच. जमलेल्या बायकांनी माना डोलावल्या आणि लक्ष्मणराव, जे एवढा वेळ पेढेवाल्याशी बोलत उभे होते, ते दमणीला बैल जुंपायला गेले.

दमणीत पुढे केशरबाई पाय लांब करून बसली, मागे निर्मला. गोदावरीबाई चढणार, तोच घरातून आनंदाबाई बाहेर आल्या. त्यांच्या काखेत वळकटी होती आणि हातात पानाचा डबा.

"इहीनबाई, तुमी कुठं?" गोदावरीबाईंनी विचारले.

"तुमच्या संगं." आनंदाबाईंनी वळकटी दमणीत टाकली. "सून डोयासमोर नसली का माह्या जिवाले घोर लागते. घोर म्हनजे तोशीसच न? अन् कागदात त तुमीच 'कसलीही' लिवून घेतलं. सरका थोडं."

विहीणबाईंना दमणीतून उतरवण्याची रीत सानगडीत नाही. गोदावरीबाई सरकल्या.

त्याच संध्याकाळी निर्मलाच्या दोन्ही हातांत हिरवा चुडा भरला गेला. मधल्या खोलीत आनंदाबाईंची वळकटी उलगडली, आणि लक्ष्मणरावांची बाज गोठ्याकडे गेली, जिथे सरदार तिचे मोठ्या आपुलकीने स्वागत करीत होता. पुढचे काही दिवस कसे गेले, ते सांगण्यात अर्थ नाही. आनंदाबाई कशालाच नावे ठेवीत नसत. त्या फक्त, वरणात हिंग जरा जास्त पडला तरी आपल्याला कशी काही तोशीस नाही, एवढेच सांगत.

बाजाराच्या दिवशी यादोराव सानगडीला आले, तेव्हा गोदावरीबाईंनी त्यांना ओसरीच्या टोकाला नेले आणि कुंकवाच्या डबीखालचा कागद काढून हातात दिला.

"यादोराव, हे तोशीस लागू न देनं कुठवर चालते?"

यादोरावांनी कागद वरून खाली वाचला, मग खालून वर. शेवटी त्यांनी मुदतीच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवले.

आतून किरकोळ आवाज आला.

"इहीनबाई, चहात साखर कमी पडली जराशी. तशी मले काई तोशीस नाई."

गोदावरीबाईंनी कागदाची घडी घातली आणि साखरेचा डबा काढायला त्या आत गेल्या.