किती बंब पाठवू?

मी आज धड बसून हे लिहितेय ती समोरच्या खोलीतल्या कांबळेकाकांमुळे. नाव आधीच सांगून टाकते. माझा स्वभाव घाबरट, नंतर धीर व्हायचा नाही.

आमची चाळ डिलाईल रोडची. काका अग्निशमन दलात फोन घ्यायचे. रिटायर होऊन जमाना झाला, पण कान अजून ड्युटीवर. गॅलरीत कुणी "भयंकर उकडतंय" म्हणालं की पेपरमागून आवाज येणार, "किती बंब पाठवू?"

शेजारच्या राणेकाकू एकदा म्हणाल्या, "कालची सिरीयल काय जबरदस्त होती!"

"कुणाला लागलं का?"

"तुम्ही ना काका, अशक्य आहात."

"अशक्य? मग इथे बसलंय कोण?"

मी यवतमाळकडची. शाळा सातवीत सुटली. आता लोअर परळला एका ऑफिसात चहापाणी बघते. नवीन होते तेव्हा मला सगळंच भयंकर वाटायचं. लिफ्ट भयंकर, साहेब भयंकर, चहाही भयंकर गोड. काका म्हणाले, "मंगल, फोनवर बाई किंचाळायची, भयंकर आग! जाऊन बघावं तर दूध करपलेलं. एक माणूस मात्र हळूच म्हणाला, साहेब, धूर दिसतोय. तिथे तीन बंब कमी पडले." तेव्हापासून मी 'जरा'वर आले. जरा उकडतंय, जरा भीती वाटते.

मागच्या महिन्यात सकाळीच पोटात कळ आली. राणेकाकूंनी ओवा दिला. "गॅस असेल गं. मला तर रोज भयंकर होतो." दुपारी भिंत धरत काकांच्या दारात गेले.

"काका, भयंकर दुखतंय."

बंबाचं नाव नाही. पेपर खाली पडला, शर्ट उलटाच अंगात गेला, आणि काका टॅक्सी थांबवायला थेट रस्त्याच्या मधोमध.

अपेंडिक्स. फुटायच्या बेतात होतं, वेळेत आणलंत, असं डॉक्टर म्हणाले.

शुद्धीवर आले तर काका समोर. शर्ट अजून उलटाच.

"काका, बंब नाही विचारलेत?"

त्यांनी स्टूल जवळ ओढलं. मग म्हणाले, "आमची ही मीठ कमी पडलं तरी भयंकर म्हणायची. एकदा म्हणाली, छातीत भयंकर होतंय. मी पेपरमागूनच विचारलं, किती बंब पाठवू? हसली बिचारी. पुन्हा बोललीच नाही." माझी चादर सारखी करत राहिले. "म्हणून तुमच्या मागे लागतो गं. शब्द खऱ्या दिवसाला उरला पाहिजे."

आता टाके सुकलेत. परवा काकांनी स्वतः पेज करून आणली. "कशी झालीय?"

"बरी."

केवढे खूश झाले!

हे उपकार फिटतील तेव्हा फिटतील. पण एक लिहून ठेवते. समोरून कधी नुसतं "मंगल, जरा बरं नाही" असं आलं, तरी मी सगळे बंब घेऊन धावणार आहे.