जुन्या नऊची आणि नव्या नऊची बखर

श्रीमार्गेश्वर समर्थ. शके १९२१, प्रमाथीनाम संवत्सर, माघमासीं घडले ते ऐकिले तैसे लिहिले. वाचणारांनी चूक दिसेल ती सुधारून घ्यावी, न दिसेल तर उगीच शोधू नये. आपणांकडे सूर्य मावळतो तेव्हा ज्या मुलखात त्याची न्याहारी चालते, त्या मुलखाचे दक्षिण अंगास एक राज्य आहे. माती तांबडी, कापूस आणि भुईमूग बहुत, रयत गोडबोली. बोलण्यास तिला घाई नाही, परंतु मोटारीत बसली की मागे वाघ लागल्याप्रमाणे जाते. राज्याचे नाव लिहीत नाही, कारण तेथे आमचे आप्त आहेत आणि त्यांजकडे पुन्हा जेवावयास जाणे आहे. त्या राज्यात पूर्वी थोर मार्ग निर्माण जाहले. सम अंकाचे ते पूर्वपश्चिम, विषम अंकाचे ते दक्षिणोत्तर, आणि राजधानीभोवती एक वाटोळा मार्ग तीन अंकी, त्यावर सकाळी चढलेला मनुष्य केव्हा उतरेल हे त्याच्या घरचेही विचारीत नाहीत. मार्गास चौक नाही, सिग्नल नाही, गाय आडवी नाही, आणि ओळखीचा भेटला म्हणून मध्येच थांबून बोलणारा नाही. उतरणे जाहल्यास जागोजाग फाटा फुटे, तीस एक्झिट म्हणत, आणि दक्षिण सीमेपासून एक, दोन, तीन ऐसे अंक एक्झिटांस दिले होते. मग रयतेने त्या अंकांस गावांप्रमाणे जीव लाविला. कोणी म्हणे आम्ही सातचे, कोणी म्हणे माझी लेक बाराला दिली, आणि चारच्या लोकांचे पाचच्या लोकांशी पिढीजात पटत नसे.

ऐसियास त्या राज्याचे मार्गखात्यात राजश्री त्रिविक्रमपंत खळदकर म्हणून अंकाधिकारी होते. जन्म देशी, एका जुन्या पेठेत, जेथे घराचा पत्ता म्हणजे '४१२ ब, गिरणीमागे, वर विचारणे' इतकाच असे. त्या पेठेत ४१२ ब दोन होती. पंतांस पहिल्या नोकरीचा कागद आला तो दुसऱ्या ४१२ ब मध्ये गेला आणि लोणच्याच्या बरणीखाली अकरा महिने राहिला. तो हाती आला तेव्हा त्यास तेल लागले होते आणि नोकरी दुसऱ्यास लागली होती. तेव्हा पंतांनी प्रतिज्ञा केली की आपण ऐसे अंक लावू जे मनुष्याशी खोटे बोलणार नाहीत. मग समुद्र उल्लंघून गेले, विद्या केली, आणि अंकाधिकारी जाहले. तेथे पाहतात तो नऊ आणि दहा यांचे मध्ये नवी वस्ती होऊन नऊ-अ, नऊ-ब, नऊ-क ऐशा एक्झिटा जाहल्या होत्या. पंतांस पेठ आठवली आणि अन्न गोड लागेना. मग त्यांनी वरिष्ठांस विनंती करून हुकूम काढविला की, दक्षिण सीमेपासून जितके मैल तितकाच एक्झिटेचा अंक असावा, म्हणजे मूल देखील वजाबाकी करून अंतर सांगेल. हुकूम शहाणपणाचा होता यात आम्हांस संशय नाही. शहाणपणाने जितकी माणसे वाट चुकली तितकी मूर्खपणाने चुकली नसतील.

पंतांच्या कुटुंबाचे नाव सौभाग्यवती कुमुदिनीबाई. पंत ज्या नऊच्या एक्झिटेजवळ राहत ती सीमेपासून एकेचाळिसावे मैलावर होती, सबब नव्या हुकुमाने तिचे नाव एकेचाळीस होणार. हे ऐकून बाई पोळी लाटता लाटता म्हणाल्या, "अहो, नवा आकडा लावा, पण खाली बारीक अक्षरात जुना राहू द्या. जुना नऊ. ओळखीचं माणूस शोधत आलं तर त्याला सापडायला नको?" पंत म्हणाले, "जुन्याची शेपटी कशाला? चार दिवसांत सवय होते." बाई म्हणाल्या, "होते. मलाही झाली." इतके बोलून पोळी तव्यावर टाकली. याचा अर्थ असा की, बाईंचे लग्नात आपल्या चालीप्रमाणे ताटात तांदूळ पसरून, त्यात अंगठीने नवे नाव लिहून, माहेरचे नाव पुसले गेले होते. शाळेतल्या मैत्रिणींनी पुढे बाईंस बहुत शोधले, आणि कुमुदिनी नावाची कोणीही त्यांस ठाऊक नसल्याकारणे शोध राहिला. पंतांनी पोळी खाल्ली आणि अर्थ खाल्ला नाही.

त्याच सुमारास पंतांची कन्या चिरंजीव इरावती हिचे लग्न ठरले. वरपक्ष दक्षिणेकडील शेजारचे राज्यातले, दंतवैद्य डॉक्टर ठोसर यांचे घराणे. मुहूर्त रथसप्तमीचा, मंदवार म्हणजे शनिवार, सकाळी अकरा वाजून बावीस मिनिटे. पंतांनी पत्रिका सात वेळा तपासली. बावीस मिनिटे पाहिली, वेलांट्या पाहिल्या, आणि 'एक्झिट नऊ, उतरताच उजवीकडे, पांढऱ्या पाण्याच्या टाकीसमोर सभागृह' हे त्या दिवशी खरे होते म्हणून तैसेच राहिले. पत्रिका गेल्या. मग पंतांचे मनात अभिमान शिरला. नव्या पाट्या पुढील महिन्यात लागावयाच्या होत्या, परंतु व्याह्यांनी येतेवेळी आपले कर्तृत्व हिरव्या पाट्यांवर चकचकीत पाहावे, या हौसेने पंतांनी पाट्यांच्या कारखान्याचा नाईक ओटिस यास बोलावून आज्ञा केली की शुक्रवारी सायंकाळपर्यंत सीमेपासून सर्व पाट्या बदलाव्या. ओटिस तीस वर्षांचा जुना मनुष्य, तो म्हणाला, "साहेब, लोक घोटाळतील." पंत म्हणाले, "राजपत्रात छापलं आहे." ओटिस म्हणाला, "राजपत्र माझी म्हातारी वाचत नाही साहेब," आणि जाऊन पाट्या बदलल्या.

मंदवारी प्रातःकाळी वऱ्हाड निघाले. मोटारी चौदा, मोठी बस एक, त्यात विहीणबाई, आत्या तीन, गुरुजी एक, आणि नवरदेव पुढील मोटारीत फेटा बांधून. साडेनवास सीमा ओलांडली आणि नऊ मैल जाताच हिरवी पाटी दिसली, त्यावर ठळक नऊ. विहीणबाई म्हणाल्या, "बघा, किती जवळ! उगीच तुम्ही पहाटे उठवलंत." सर्व फौज उतरली, उजवीकडे वळली, तो समोर पांढरी पाण्याची टाकी. त्या राज्यात एक्झिट म्हणून नाही जेथे पांढरी टाकी नाही, परंतु हे वऱ्हाडास काय ठाऊक! टाकीसमोर सभागृह, दारी पन्नास मोटारी, माणसे ठेवणीतले कपडे घालून उभी. ती भुईमूग पिकविणारांची वार्षिक सभा होती. दारी मिस लुरीन म्हणून सत्तरीच्या बाई स्वागतास होत्या. इतके दागिने एकदम उतरलेले पाहून त्यांस वाटले, शेजारच्या राज्यातले मोठे बागाईतदार आले. त्यांनी विहीणबाईंचा हात धरिला आणि म्हणाल्या, "या गं बाई, या, उभ्या का? घर तुमचंच आहे." आणि पानांऐवजी द्रोणभर उकडलेल्या शेंगा हाती दिल्या. आत्याबाई कुरकुरल्या की गुलाबपाणी नाही, अत्तर नाही, मुलीकडचे मनुष्य एक दिसत नाही. परंतु विहीणबाईंनी शेंग फोडून तोंडात टाकली आणि म्हणाल्या, "मीठ बेताचं आहे हो. माणसं घरंदाज दिसतात." मग सर्वजण खुर्च्यांवर बसून तासभर शेंगा खाते जाहले, आणि व्यासपीठावर कोणी भुईमुगाच्या टिक्का रोगावर बोलत होता त्यास मुलीचे काका समजून टाळ्या वाजविते जाहले.

इकडे एकेचाळीसला सभागृहात बोहले मांडले, सनई लाविली, आणि साडेदहा जाहले तरी वऱ्हाड नाही. डॉक्टरांचे जवळ मोबाईल होता, परंतु त्या रानात तो मुका होता. पंत दर मिनिटास घड्याळ पाहत. म्हणाले, "वाट चुकणं शक्यच नाही. एवढ्या स्वच्छ पाट्या आहेत." तेव्हा कुमुदिनीबाई हाती पत्रिका घेऊन आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "अहो, हिच्यावर नऊ लिहिलंय." पंतांचे तोंड उतरले. म्हणाले, "पण राजपत्रात..." बाई म्हणाल्या, "विहीणबाई राजपत्र वाचतात होय? नवा नऊ कुठे आहे?" पंत म्हणाले, "इथून बत्तीस मैल खाली." हे अंतर सांगण्यास त्यांस क्षणही लागला नाही. वजाबाकी सोपी होती, हुकुमाचा हेतूच तो होता. इरावती आतून ऐकत होती. ती मुंडावळ्या बांधलेल्या तैशीच बाहेर आली आणि म्हणाली, "बाबा, ते मला शोधतायत आणि मी कुठे आहे हे तुम्ही पुसून टाकलंत." पंत मोटारीकडे धावले, तो बाईंनी उपरणे धरिले. म्हणाल्या, "तुम्ही खाली जाल, ते वर येतील, आणि मधे लग्न राहील. ते कुठूनतरी विचारत येतील आणि जुना नऊ विचारतील. त्यांना जुना नऊ दिसला पाहिजे."

ओटिस लग्नास निमंत्रित होता. कोट घालून आला होता, परंतु आला होता कामाच्याच ट्रकात, आणि ट्रकात कालच्या काढलेल्या पाट्या होत्या. त्याने नऊ शोधून काढला, पुरुषभर उंच, पत्र्याचा, एका कोपऱ्यास गोळीचे भोक पडलेला. पंत म्हणाले, "चल, मार्गावर धरू." ओटिस म्हणाला, "साहेब, महामार्गाच्या कडेला विनापरवाना पाटी धरणं मना आहे. कलम तुम्हीच लिहिलंय." पंत म्हणाले, "ठाऊक आहे. तू तिकडून धर." आणि मग डोकीस पगडी, अंगावर रेशमी उपरणे, ऐसे अंकाधिकारी आपल्याच नव्या पाटीखाली जुना नऊ धरून उभे राहिले. मालमोटारी जाताना त्यांचे वाऱ्याने पगडी दोन वेळा उडाली आणि ओटिसने दोन वेळा आणिली. एक मालमोटारवाला ओरडला, "देवा, सापडला एकदाचा आमचा नऊ!" आणि भोंगा वाजवीत उतरला. पंतांनी मान खाली घातली.

तिकडे शेंगा संपल्या तेव्हा नवरदेवाने विचारले की मुलगी कोठे आहे. मिस लुरीन म्हणाल्या, "कसली मुलगी बाळा? इथे शेंगाच आहेत." मग पत्रिका दाखविली, आणि बाईंनी कपाळास हात लाविला. "अरे देवा! हे तर दोन आहे. जन्मापासून दोन. काल संध्याकाळी कुणीतरी येऊन आम्हाला नऊ करून गेलं. तुमचा खरा नऊ वर आहे, पण आता त्याचं नाव काय ठेवलंय ते देव जाणे. विचारत जा." आणि वाटेस लागतील म्हणून शेंगांचे पोते बसमध्ये ठेविले. मग फौज निघाली. सोळा गेला, बावीस गेला. एकोणतीसला आत्याबाईंच्या सांगण्यावरून उतरले, तेथेही पांढरी टाकी होती, टाकीसमोर टायरांचे दुकान होते. परत फिरले. विहीणबाई रडू लागल्या, गुरुजी घड्याळ पाहू लागले, अकरा बावीस झाले आणि गेले. एकेचाळीस दिसला तोही मागे टाकून जाणार, इतक्यात नवरदेव ओरडला, "थांबा! सासरे!" आणि चौदा मोटारी आणि बस एकदम उतरत्या जाहल्या.

सभागृहात पोहोचले तेव्हा अकरा एकतीस. मुहूर्त नऊ मिनिटांनी टळला होता. पंत गुरुजींसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "दोष माझा आहे. माझ्या मुलीला लावू नका." त्यांनी पगडी उतरवून हाती घेतली, आणि हे आम्ही थट्टेने लिहीत नाही. गुरुजी आठवड्याचे पाच दिवस संगणकाचे काम करीत आणि दोन दिवस लग्ने लावीत. त्यांनी बाहेर जाऊन सूर्याकडे पाहिले, बोटांवर काही मोजिले आणि म्हणाले, "हे घड्याळ आगगाडीवाल्यांनी सगळ्या मुलखाला एक लावलेलं आहे. त्याआधी या गावाचं आपलं घड्याळ होतं, सूर्याचं. त्या जुन्या घड्याळाने आता अकराही वाजले नाहीत. मुहूर्त यायचा आहे. चहा करा." मग चहा जाहला, आणि जुन्या घड्याळाने अकरा बावीसास अक्षता पडल्या. शेंगाही वाटल्या.

त्याउपरि चालीप्रमाणे तांदळाचे ताट आणिले. विहीणबाईंनी सुनेसाठी नवे नाव योजून ठेविले होते. अंगठी हाती घेतली, क्षणभर विचार केला, आणि अंगठी खाली ठेविली. म्हणाल्या, "नको गं बाई. नव्या नावाने आज पुरे फिरवलंय. तू इरावतीच राहा, म्हणजे सापडशील." सर्व हसले. मग ताट तैसेच राहिले होते, त्यापाशी पंत येऊन बसले आणि बायकोस हळूच विचारते जाहले, "तुझं आधीचं नाव काय होतं गं?" बाईंनी त्यांजकडे पाहिले. म्हणाल्या, "पत्रिकेत होतं. तुम्ही नुसते गुण मोजलेत." मग अंगठी घेऊन, आपल्याच हाताने, तांदळात लिहिले, तारा. एकोणतीस वर्षांनी लिहीत होत्या, तरी हात अडखळला नाही.

येणेप्रमाणे हकीकत जाहली. पुढे पंतांनी दुसरा हुकूम काढविला की राज्यातील प्रत्येक नव्या अंकाखाली पिवळ्या पट्टीवर जुना अंक लिहावा, आणि वरिष्ठांनी कारण विचारिले तेव्हा रयतेची सोय ऐसे लिहून दिले. सर्व पट्ट्या लागल्यावर एक पट्टी ओटिसचे कारखान्यात जास्त जाहली. तीवरील अक्षरे मराठी, ओटिसास वाचता येईनात, म्हणून पंतांनी ती स्वहस्ते लिहिली. ती पट्टी पंतांचे घराचे दारावर, सौ. कुमुदिनी खळदकर या पाटीखाली लाविली आहे. तीवर 'जुनी तारा' इतकेच आहे. पट्टी लहान आहे, परंतु रस्त्यावरून वाचता येते.