दोन टक्क्यांचा रुसवा

शहागंजातल्या साडीच्या दुकानात आप्पासाहेबांनी पाटी लावली होती: 'कार्डावर दोन टक्के जादा.' कार्ड मशीनचं शुल्क आपल्याला कापलं जातं, मग आपण का सोसायचं? नियम म्हणजे नियम, माझ्या बापालाही सूट नाही, असं ते छाती काढून सांगत. बाप राहिला बाजूला, बायकोच कार्ड घेऊन गल्ल्यापुढं उभी राहिली!

वच्छलाबाईंनी भावाच्या मुलीच्या लग्नासाठी अंगणवाडीच्या मानधनातून साडी घेतली. आप्पासाहेबांनी सवयीनं, गिऱ्हाइकांदेखत, दोन टक्के लावले. बाईंनी तेवढेही भरले. साडी काखोटीला मारून पिशोरला माहेरी गेल्या. लग्न उरकलं, तरी परतल्या नाहीत.

उस्मानपुऱ्याचं घर आप्पासाहेबांना खायला उठलं. करपलेली खिचडी गिळता येत होती, पण दार उघडताना आतून "आलात व्हय?" ऐकू येत नसे, तेव्हा जीव तुटायचा.

त्यात बँकेतला भाचा इंद्रजीत म्हणाला, "मामा, मामीचं रुपे डेबिट कार्ड हाय. त्याच्यावर दुकानदाराकडून शुल्क घ्यायचं नाय, असा सरकारचाच नियम हाय. तुमचं काही कापलंच नाय. मग मामीकडून घेतले कशाचे?"

आप्पासाहेबांनी लगेच फोन लावला. पलीकडून एवढंच आलं, "कार्डावरून घेतले, कार्डावरच टाका. रोख आणाल तर उंबऱ्याबाहेर फेकीन."

मग काय, मशीन पोटाशी धरून गडी एसटीनं पिशोरला. तिथं रेंज नाही. मेहुणे सर्जेराव त्यांना गच्चीवर घेऊन गेले. आप्पासाहेब मशीन आभाळाकडं धरून उभे. खाली बघतात तर म्हाताऱ्यांची रांग, सगळ्यांचे अंगठे पुढं.

"निराधार योजनेचे पैसे आले का वो, साहेब?"

"मावशी, हे अंगठ्याचं मशीन नाय. मी जावई हाय."

"जावई असू द्या, आधी माझा अंगठा घ्या."

अंगणात वच्छलाबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. किती दिवसांनी ते हसू दिसलं! आप्पासाहेबांचे हात खालीच आले, आणि नेमकी तेव्हाच रेंज आली.

"घाल कार्ड," ते ओरडले.

"कार्ड तर उस्मानपुऱ्यालाच राहिलं. तांदळाच्या डब्यात."

"मग गं?"

"मग काय, यावंच लागंल मला."

पिशवी आधीच भरलेली होती. एसटीत तिकिटाला सुटे काढायला वच्छलाबाईंनी बटवा उघडला, तर आतून कार्डाचा निळा कोपरा डोकावला. आप्पासाहेबांनी तो पाहिला आणि घाईनं खिडकीबाहेर बघू लागले.

"डबा लई खोल हाय आपला," ते म्हणाले. "शोधायला सवड काढून बस. दोन-चार वर्षं जातील."