अप्पांचे बारा वाढदिवस

नांदेडच्या एका रक्तकेंद्रात तनुजा गेली सहा वर्षं तंत्रज्ञ होती. रक्ताचा गट तपासणं, ते रुग्णाच्या रक्ताशी जुळतं का पाहणं आणि फ्रिजच्या तापमानावर डोळा ठेवणं, हे तिचं काम. मूळची ती रेणापूरची. गावात कुणी चौकशी केली की तिची आई सांगायची, "पोरगी रगत बघायला हाय." ऐकणारे हळहळायचे. तनुजाला मात्र आपलं काम मनापासून आवडत होतं. तिला सुटत नव्हतं ते एकच गणित. रक्त बेचाळीस दिवस टिकतं आणि अप्पांचा वाढदिवस वर्षातून एकदाच येतो.

अप्पा म्हणजे मल्लिकार्जुनअप्पा, शहराचे आधारस्तंभ. त्यांच्यावर नेमकं काय उभं आहे, हे कुणी विचारत नसे. अप्पांचं जितकं वय, त्याच्या दहापट बाटल्या रक्त गोळा करायचं, अशी प्रथा होती. रक्त आता पिशवीत घेतात, पण लोक बाटलीच म्हणतात. यंदा एकसष्टी होती, म्हणून एका दिवसात सहाशे दहा बाटल्या झाल्या. फ्रिजमध्ये मावत होत्या चारशे. बाकीच्या तनुजाने आसपासच्या केंद्रांच्या हातापाया पडून खपवल्या. बेचाळिसाव्या दिवशी एकशे ऐंशी पिशव्या मुदत संपली म्हणून नष्ट करताना तिला अन्न टाकून दिल्यासारखं वाईट वाटलं.

पंचेचाळिसाव्या दिवशी लोह्याहून व्यंकटीमामा नऊ वर्षांच्या नातीला घेऊन आले. गीतांजलीला थॅलेसेमिया होता. तिच्या अंगात पुरेसं रक्त तयार होत नसल्याने दर एकवीस दिवसांनी तिला एक पिशवी लागायची. गट बी पॉझिटिव्ह, म्हणजे शहरातल्या साधारण दर तिसऱ्या माणसाचा.

"मामा, आज नाहीये हो," तनुजा म्हणाली.

"काहून? पेपरात तर सहाशे बाटल्या आल्या व्हत्या."

"त्यांची मुदत संपली."

"रगताला बी मुदत असती व्हय?"  मामांनी बाही वर केली. "माजं घ्या."

"पासष्टच्या वर घेता येत नाही, मामा."

"म्हंजी माजी बी संपली."

त्या दिवशी तनुजाने स्वतःचं रक्त दिलं. योगायोगाने तिचाही गट तोच होता. पण बाईला पुन्हा रक्त द्यायला चार महिने थांबावं लागतं आणि गीतांजलीला एकवीस दिवसांच्या वर थांबता येत नव्हतं. तेव्हा तनुजाने एक अर्ज लिहिला. अप्पांचं शिबिर एकाच दिवशी न घेता दरमहा पन्नास पिशव्या याप्रमाणे वर्षभर विभागून घ्यावं, ही नम्र विनंती.

केंद्रप्रमुख डॉ. आनंदराज निवृत्तीला आले होते. त्यांनी अर्ज दोनदा वाचला. "सूचना चांगली आहे," ते म्हणाले, "म्हणूनच मला तिची भीती वाटते." आणि त्यांनी तो अर्ज बजरंगकडे पाठवला.

बजरंग अप्पांच्या शिबिराचा संयोजक होता आणि फ्लेक्सवर गेली अकरा वर्षं भावी नगरसेवक होता. अर्ज वाचून तो स्वतः धावत आला.

"ताई, बारा वाढदिवस! आमच्या डोक्यात हे काहून आलं न्हाई?"

"बारा वाढदिवस नाही हो भाऊ, एकाच वाढदिवसाचे बारा भाग. पन्नास-पन्नासचे."

"पन्नास न्हाई जमायचं. विरोधक हसतील. दर बारीला सहाशे दहा."

अशा रीतीने मासिक वाढदिवस सुरू झाला. दुसऱ्या महिन्यात तेच सहाशे दहा कार्यकर्ते हजर झाले. एकदा रक्त दिल्यावर पुरुषालाही तीन महिने थांबावं लागतं. तनुजा दारात उभी राहिली आणि कुणालाही सुई लागणार नाही, असं तिने ठणकावून सांगितलं. बजरंगने अजिबात वाद घातला नाही.

"नियम म्हंजी नियम. सुई नका लावू. निजू तर द्या."

तिथून प्रतीकात्मक रक्तदानाची सुरुवात झाली. माणूस खाटेवर झोपे, मुठीत चेंडू धरे, कोपराला चिकटपट्टी लावून घेई. फोटो निघाला की केळं, स्टीलचा डबा आणि प्रमाणपत्र घेऊन तो ताजातवाना घरी जाई. त्यांच्याशिवाय अकरा नवे जण चुकून खरंच रक्त द्यायला आले होते. फ्रिजमध्ये त्यांच्या तेवढ्या पिशव्या गेल्या.

आकडा मात्र सहाशे दहाच नोंदवायचा होता. संगणक तेच नाव तीन महिन्यांत दुसऱ्यांदा घेईना. बजरंगने त्यावरही उपाय काढला. त्याच्याकडे मतदार यादी होती. यादी वार्डावार्डाने संगणकात चढू लागली. सही डॉ. आनंदराज करत. "मला दोनच महिने राहिलेत," एवढंच ते म्हणत.

तिसऱ्या महिन्यात सगळ्या केंद्रांच्या पडद्यावर नांदेडात बी पॉझिटिव्हच्या तीनशे चौदा पिशव्या शिल्लक दिसत होत्या. फ्रिजमध्ये दोन होत्या. त्यातली एक तनुजाने गीतांजलीसाठी लपवून ठेवली. आयुष्यात तिने केलेली ती पहिली चोरी. पुढच्या वेळेसाठी तिने लातूरला फोन लावला, तर तो उज्वलाने उचलला. उज्वला तिची कॉलेजातली मैत्रीण, आता लातूरच्या एका केंद्रात.

"तनू, तुझ्याकडं तीनशे चौदा दिसायल्यात आणि तू मला एक मागतीस? उलट आमचे पेशंटच आम्ही तुमच्याकडं पाठवायलोत."

पाठोपाठ तनुजाला नोटीस आली. नोंदीतल्या पिशव्या आणि फ्रिजमधल्या पिशव्या यांत मोठी तफावत आढळली असून खुलासा करावा. तिने खुलासा केला, "सदर पिशव्या अद्याप दात्यांच्या अंगातच आहेत." खुलासा असमाधानकारक ठरला.

चौथ्या मासिक वाढदिवसाच्या सकाळी व्यंकटीमामा आले. नेहमी उड्या मारत येणारी गीतांजली त्यांच्या खांद्यावर मान टाकून होती. तपासलं तर हिमोग्लोबिन चारवर आलेलं. फ्रिज रिकामा.  तनुजाने रिक्षा केली, अप्पांचं शिबिर भरलेल्या कौठ्याच्या मंगल कार्यालयात शिरली आणि सत्कार चालू असतानाच माइक हातात घेतला.

"बी पॉझिटिव्ह कोण आहे? एका लेकराला आत्ता रक्त पाहिजे. खरं रक्त."

 हात वर व्हायला लागले. दहा, वीस, शंभरच्या वर. ते हात पाहून तनुजाला भरून आलं. तिला वाटलं, ही माणसं वाईट नाहीतच, यांना कुणी आजवर नीट विचारलंच नव्हतं.

सगळ्यांत पुढे भागवत नावाचा दूधवाला होता. तो खाटेवर आडवाही झाला. तनुजाने त्याचं नाव संगणकात घातलं. उत्तर आलं, या दात्याने आज सकाळी अकरा चाळीसला रक्तदान केलेलं आहे, पुढील दिनांक तीन महिन्यांनी. पिशवीवरचं लेबल छापायला संगणकाने नकार दिला आणि बिनलेबलाची पिशवी पेशंटला लावता येत नाही.

"आवो म्याडम, सगळं रगत माज्या अंगातच हाय की," भागवत म्हणाला.

"अंगात आहे, भाऊ. कागदावर नाही."

दुसरा आला, पंधरावा आला, चाळिसावा आला. सगळ्यांनी रक्त दिलेलं होतं. मांडवात आलेल्या प्रत्येक मतदाराने कागदावर दिलेलं होतं. तनुजा खुर्चीत बसली आणि रडली. बजरंगसुद्धा अस्वस्थ होऊन म्हणाला, "ताई, एक प्रतीकात्मक बाटली देऊन बघायची का?"

तेवढ्यात मांडवाचा दोर सोडवणारा शिवलिंग खाली उतरला. मांडवाच्या कामासाठी तो बिदरकडून आला होता, मतदान तिकडंच.

"अक्का, माजं चालतंय का बगा. बी हाय."

संगणकाला शिवलिंग माहीत नव्हता. लेबल निमूटपणे छापून आलं. तपासण्या उरकून संध्याकाळी पिशवी लागली. दोन तासांनी गीतांजलीने डोळे उघडून बिस्किट मागितलं आणि मामांनी शिवलिंगला नमस्कार केला.

ही गोष्ट इथेच संपायला हरकत नव्हती. पण बजरंगने पुढच्या महिन्यात परराज्यातील दाता म्हणून शिवलिंगचा सत्कार केला आणि सन्मानार्थ त्याचं नाव पुढच्या तीन वाढदिवसांना आगाऊ चढवून ठेवलं.

हे वाचून तुम्ही हसला असाल. आपण यातले नाही, असंही वाटलं असेल. पण यादीत तुमचा वार्ड कधीच होऊन गेला. गेल्या महिन्यात तुम्ही रक्त दिलंत, त्याबद्दल केंद्र तुमचं आभारी आहे. तुमचं प्रमाणपत्र आणि स्टीलचा डबा बजरंगकडे तयार आहे, कधीही घेऊन जा. गीतांजलीची पुढची तारीख तेवीस आहे. त्या दिवशी तुम्ही आलात तरी उपयोग नाही. कागदावर तुम्ही आत्ताच देऊन बसलाय.