हौसामावशींचं रफूकाम

हौसामावशींनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझं तोंड पाहिलंच नाही. इंग्लंडमध्ये, लेस्टरला आम्ही घर घेतलं त्या आठवड्यातली गोष्ट. बेल वाजली म्हणून दार उघडलं, तर समोर एक ठेंगणी म्हातारी. साडीवर रेनकोट, पायात ट्रेनर्स. मी 'या' म्हणायच्या आत त्यांनी माझ्या कार्डिगनची बाही धरली, उलटी केली, डोळ्यांशी नेली आणि म्हणाल्या, "फॉल्ट हाय." मग पर्समधून बारीक आकडीची सुई काढून दारातच तो सुटलेला टाका उचलला, बाही सरळ केली, वरून थोपटली. आपण शेजारी राहतो आणि इथे कचऱ्याचे बिन गुरुवारी बाहेर ठेवायचे असतात, हे त्यांनी त्यानंतर सांगितलं.

याला अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत हौसामावशींनी कुठलंही कापड सुलट्या बाजूने पाहिल्याचं मला आठवत नाही. बेलग्रेव्ह रोडवरच्या साडीच्या दुकानांत त्या शिरल्या की सेल्समनना एकदम स्टोअररूममध्ये काम निघतं. पुढ्यात साडी पसरली की बाकीच्या बायका रंग बघतात, पदर बघतात. मावशी म्हणणार, "उलटं कर बघू." जीपीने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, ब्लड प्रेशरचा पट्टा दंडाला बांधला, तर यांनी तो सोडून आतली शिवण तपासली आणि प्रेशर मोजायचं राहूनच गेलं. माझ्या मुलीच्या लग्नात व्याही मला भेटायला पुढे आले, आणि मावशींनी त्यांच्या कोटाचं अस्तर बाहेर काढलं. व्याही सभ्य होते म्हणून निभावलं. बरं, रागवावं तर बाईंचा चेहरा इतका गंभीर, की आपलंच काहीतरी चुकलंय असं वाटायला लागतं.

यामागे इतिहास आहे आणि तो त्या कुणालाही, अगदी बसस्टॉपवरसुद्धा सांगतात. माहेर इचलकरंजीचं. वडिलांचा माग होता, तुटलेला धागा जोडायला त्या सातव्या वर्षी शिकल्या. लग्न होऊन लेस्टरला आल्या आणि स्वेटरच्या कारखान्यात मेंडर म्हणून लागल्या. मेंडर म्हणजे मशिनवरून आलेल्या मालातले सुटलेले टाके, तुटलेले धागे शोधून ते असे दुरुस्त करणारी बाई, की दुरुस्ती कुणाला दिसताच कामा नये. एकतीस वर्षं हे केलं. कारखाना बंद झाला, नवरा गेला, कारखान्याच्या जागी स्टुडंट फ्लॅट्स आले. मुलगा केंब्रिजला सॉफ्टवेअरमध्ये. तो फाटकी जीन्स नवी विकत घेतो, यावर मावशी अर्धा तास बोलू शकतात. त्यांनी एकदा त्याच्या स्वेटरचं कोपर रफू करून पाठवलं, तर फोनवर म्हणाला की आई, तू कशाला त्रास घेतलास, मी तो कधीच टाकून दिला असता.

आता माझा मूर्खपणा सांगते. लायब्ररीत मला एक पत्रक दिसलं. इटलीची आठ दिवसांची टूर, खास कापड आणि हस्तकलेची आवड असणाऱ्यांसाठी. लेस, रेशमाचे हातमाग, भरतकामाची शाळा. मी हॉस्पिटलच्या फार्मसीत नोकरी करते आणि फावल्या वेळात क्रोशा. मला एकटीने जायचं होतं. नवरा नको, मुलगी नको, कुणाची औषधं आठवायला नकोत. आणि मी ते पत्रक मावशींच्या किचन टेबलावर ठेवलं.

त्यांनी ते भिंगाखाली धरून वाचलं. पाचव्या दिवशी बोट थांबलं. प्रातो नावाच्या गावातली लोकरी कापडाची गिरणी, तिथल्या मेंडिंग रूमला भेट. अजून बायका हाताने काम करतात म्हणे. मावशींनी पत्रक उलटं करून त्याची मागची बाजूही तपासली.

मग म्हणाल्या, "मी येणार. त्या बायांना माझं काम दाखवायचंय. एकतीस वर्षं केलं, पण बघितलं कुणी? नीट झालं तर दिसत न्हाई, आन दिसलं तर शिव्या. एकदा जाणत्या माणसानं हातात घेऊन बघावं, बास."

मी विचारलं की दाखवणार काय? सगळे स्वेटर विकले गेले, लोकांनी घातले, टाकले. त्यावर त्यांचं उत्तर तयार होतं. तिथे गेलं की त्या बायका सुई देतील की. मी माझ्या एकटेपणाला रामराम ठोकला आणि डबल रूम बुक केली.

टूर लीडर होती फियोना, नॉटिंगहॅमची रिटायर्ड शिक्षिका. आवाज मऊ, पण शिस्त मिलिटरीची. ईस्ट मिडलंड्स एअरपोर्टवर ती यादी वाचत असताना मावशी तिच्या मागे उभ्या राहून तिच्या कार्डिगनचा काठ उलटा करून बघत होत्या. फियोना यादी वाचत पुढे सरकली, मावशी काठ धरून तिच्यामागे सरकल्या. तिथेच मला कळलं की माझी सुट्टी संपली.

फ्लॉरेन्सला पहिल्याच जेवणात त्यांनी टेबलक्लॉथ उचलला. त्यावर आठ ग्लास होते, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशी एका चर्चमध्ये वेदीवरचं भरतकामाचं वस्त्र. दोरीच्या पलीकडे जायचं नाही, अशी पाटी चार भाषांत. मावशींना त्यातली एक येत होती, तरी त्या गेल्या. चर्चमधला म्हातारा धावत आला, ओरडायला लागला, तर यांनी त्याला वस्त्राची मागची बाजू दाखवून मराठीत समजावलं की गाठ मारलीय, गाठ मारायची नसती. तिसऱ्या दिवशी म्युझियममधला अलार्म वाजला. सगळा ग्रुप एकमेकींकडे बघत असताना मी मुकाट्याने दाराकडे चालायला लागले, कारण अलार्म कुणामुळे वाजला हे विचारायची मला गरज नव्हती.

त्या दुपारी फियोनाने मला बाजूला घेतलं. फार गोड आवाजात म्हणाली की गिरणीवाले कडक आहेत, इन्शुरन्सचा प्रश्न असतो, कुणीही कशालाही हात लावायचा नाही, सुईबिई तर सोडाच. आणखी एक प्रकार झाला तर पाचव्या दिवशी मावशी हॉटेलवर राहतील. मी हे मावशींना जसंच्या तसं सांगितलं. त्यांचा चेहरा एवढासा झाला. "सुई देणार न्हाईत?" एवढंच त्यांनी विचारलं. आता हे मी लिहिताना मला वाईट वाटतंय, पण तेव्हा नाही वाटलं. तेव्हा मला वाटलं, बरं झालं, आता तरी नीट वागतील.

चौथा दिवस खरंच शांततेत गेला. पाचव्या दिवशी सकाळी ऊन छान होतं म्हणून मी नदीकाठी फिरायला गेले. मावशी गुडघे दुखतात म्हणून खोलीत थांबल्या. दोन तासांनी परत आले तर त्या खिडकीपाशी खुर्ची ओढून बसलेल्या आणि मांडीवर माझी शाल.

ही शाल माझ्या आईची. राखाडी, लोकरीची, काठाला बारीक कोयऱ्या. पुण्याला एकदा आरती करताना आईच्या हातातल्या उदबत्तीची ठिणगी तिच्यावर पडली आणि मसुरीच्या डाळीएवढी जागा जळाली. आई गेल्यावर मी कपाटातून तेवढीच शाल घेतली. विमानात, थंडीत, कधी फार्मसीतला दिवस वाईट गेला की मी ती पांघरते आणि करंगळीचं टोक त्या जळक्या जागेत घालून बसते. मी चौपन्न वर्षांची बाई आहे, हे कुणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून कधी सांगितलं नव्हतं.

मी शाल घेतली, करंगळी नेली. ती जागाच नव्हती. मी उजेडात धरून बघितलं, पुन्हा चाचपलं. नव्हतीच.

माझा तोल सुटला. कुणी सांगितलं होतं तुम्हाला, विचारायची पद्धत आहे की नाही, अकरा वर्षं सहन करतेय, माझी अख्खी ट्रिप तुम्ही घालवली, सगळं म्हटलं. त्या गोंधळून म्हणाल्या, "अगं, जळकं होतं की."

"ते माझ्या आईनं जाळलेलं होतं."

मावशींनी सुई पर्समध्ये ठेवली. चष्मा पुसला. गिरणीकडे जाणाऱ्या कोच बसमध्ये त्या माझ्याशेजारी न बसता पुढे फियोनाच्या मागे जाऊन बसल्या. मी खिडकीतून बाहेर बघत होते आणि माझा राग अजिबात कमी होत नव्हता.

गिरणीत आधी लोकर पिंजायचा हॉल, मग माग, मग वरच्या मजल्यावर ती मेंडिंग रूम. मोठ्या खिडक्या, उतरती टेबलं, त्यांवरून कापड सावकाश ओढत नेणाऱ्या चार बायका. सगळ्यांत थोरली फ्रांका नावाची, सत्तरीची असेल. ती डोळ्यांनी कमी आणि बोटांनी जास्त बघत होती. आमच्या ग्रुपमधल्या बायका प्रश्न विचारत होत्या, फियोना भाषांतर करत होती. आणि ज्या बाईंनी या खोलीसाठी समुद्र ओलांडला, त्या दाराशी उभ्या होत्या. दोन्ही हात रेनकोटच्या खिशात. टेबलावर कापड पसरलेलं, हाताच्या अंतरावर, आणि त्या एक पाऊल पुढे येत नव्हत्या.

मला त्याचाही राग आला. इतके दिवस नको तिथे हात घातला, आणि आता जिथे यायचं होतं तिथे खिशात. आपल्या ओरडण्याने माणूस इतकं गप्प झालेलं मला बघवेना.

मी शाल खांद्यावरून काढली आणि फ्रांकापुढे टेबलावर ठेवली. फियोनाला म्हटलं, हिला सांग, यात एक जागा जळलेली होती, ती आज सकाळी या बाईंनी रफू केली. त्या एकतीस वर्षं हेच काम करत होत्या. जरा बघायला सांग.

फियोनाने माझ्याकडे पाहिलं, मग काय मनात आलं कोण जाणे, तिने सांगितलं. फ्रांकाने शाल ओढून घेतली. शालीखालून हात घालून इंच इंच बोटांवरून नेली. मग उजेडाला धरली. मग पालथी घातली. दुसरीला बोलावलं, दुसरीने चष्मा बदलला. दोघींनी दोन टोकांकडून सुरुवात केली आणि मध्ये भेटल्या. शेवटी फ्रांकाने मान हलवली आणि काहीतरी म्हणाली. फियोना म्हणाली, "ती म्हणतेय की या शालीत रफू नाहीच. तुमची काहीतरी गफलत झालीय."

मी मावशींकडे पाहिलं. त्या जमिनीकडे बघत होत्या. फ्रांकाला त्यांचं काम सापडेना, म्हणजे काम चोख होतं, आणि म्हणूनच ते त्यांच्या नावावर लागणार नव्हतं. एकतीस वर्षं दर संध्याकाळी हेच झालं असणार. आणि मला एकदम कळलं की ती जागा जगात फक्त एका माणसाला माहीत आहे, आणि ते माणूस मी आहे.

मी फ्रांकाचं बोट धरलं. कोपऱ्यापासून तिसरी कोयरी, तिच्या देठाखाली दोन बोटं, जरा डावीकडे. मला मोजावंही लागलं नाही, करंगळी आपोआप गेली. मी म्हटलं, "इथे." मराठीतच म्हटलं.

फ्रांकाने तिथे भिंग ठेवलं. खाली वाकली. कितीतरी वेळ वाकलेलीच होती. मग वर न बघता तिने विचारलं की धागा कुठून आणला. फियोनाने विचारलं, मी मराठीत विचारलं. मावशी दारातूनच हळू म्हणाल्या की शालीच्याच काठाच्या आतून काढला, दुसरा कुठला मिळणार. ते ऐकल्यावर फ्रांकाने बाकीच्या तिघींना बोलावलं. चौघी त्या भिंगावर वाकल्या. एकमेकींशी भराभर बोलायला लागल्या, एक जण दुसरीला बाजूला सारून बघायला लागली. फ्रांका आपल्या स्टुलावरून उठली, ते स्टूल तिने टेबलापाशी नीट सरकवलं आणि मावशींकडे बघून सीटवर हात आपटला. इन्शुरन्सबद्दल फियोना काही बोलली नाही.

मावशी आल्या. पण स्टुलापर्यंत न जाता माझ्यापाशी थांबल्या. माझं मनगट धरलं. चार बायका त्यांचं काम बघत होत्या, ज्यासाठी ही बाई इथवर आली ते घडत होतं, आणि त्या तिकडे बघतसुद्धा नव्हत्या.

"पोरी, उसवू का?" त्या माझ्या कानाशी म्हणाल्या. "जळकी कड मी कापली न्हाई, आत तशीच ठिवलीया. धागा वढला की तुझ्या आईचं होतं तसं होईल. आत्ता उसवते, सुई हाय माझ्याकडं."

या बाईला कसं बोलले मी सकाळी. त्यांना जवळ घ्यावं, पाया पडावं, असं काहीबाही मनात आलं, पण अकरा वर्षांची सवय, तोंडातून निघालं ते रागावूनच.

"काही उसवायचं नाही. हात लावाल तर याद राखा. आणि ती बाई केव्हाची उभी आहे तुमच्यासाठी, बसा आधी त्या स्टुलावर."